शिफ बेस, धातू आणि डीएनए: रेणू ओळखायचा कसा, आणि तो चिकटतो कुठे

आपल्याकडच्या विद्यापीठांतले अकार्बनी रसायनशास्त्राचे प्रबंध चाळले की एका ठरावीक घाटाचं शीर्षक पुन्हा पुन्हा भेटतं: अमुक शिफ बेसच्या धातू-कॉम्प्लेक्सचं संश्लेषण, कॅरॅक्टरायझेशन आणि डीएनए-बंधनाचा अभ्यास. घरच्यांना त्यातलं 'डीएनए' तेवढं कळतं आणि मुलगी कॅन्सरवर औषध शोधतेय असं ते शेजारी सांगून मोकळे होतात. ते अगदीच चूक नाही, पण रोजचं काम त्याहून बरंच जमिनीवरचं असतं. बाटलीत जी पूड तयार झाली ती नेमकी काय आहे, हा पहिला प्रश्न. ती डीएनएला चिकटते का, आणि चिकटत असेल तर कुठे, हा दुसरा. प्रबंधात ही दोन वेगळी प्रकरणं असतात आणि बऱ्याचदा एकमेकांशी बोलतही नाहीत. माझ्या मते तिथेच घोटाळा होतो. पहिल्या प्रकरणात रेणूचा आकार आणि विद्युतभार नीट ठरला, तर दुसऱ्या प्रकरणातला निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

सगळा प्रवास एकाच रेणूचं बोट धरून करू. या विषयातलं सगळ्यात घोटलेलं उदाहरण म्हणजे सॅलेन.

पिवळे पापुद्रे

सॅलिसिलअल्डिहाइड हा कडू बदामाच्या वासाचा तेलकट द्रव. तो गरम इथेनॉलमध्ये घ्यायचा आणि त्यात इथिलीनडायअमाइन थेंबाथेंबाने सोडायचं. दुसऱ्याला अमोनियासारखा झोंबरा वास असतो, म्हणून हे फ्यूम हूडमध्येच. प्रमाण दोनास एक. काही मिनिटांतच चमकदार पिवळे पापुद्रे खाली बसू लागतात. गाळायचे, थंड इथेनॉलने धुवायचे, वाळवायचे. वितळणबिंदू १२७ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की माल बरा आहे असं समजायचं. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला इतकी हमखास साधणारी अभिक्रिया दुसरी सापडणं अवघड, आणि शिफ बेसवर एवढे प्रबंध का होतात याचं निम्मं कारण हेच आहे. कच्चा माल स्वस्त, काम सोपं. शिवाय अल्डिहाइड किंवा अमाइन बदललं की नवा रेणू तयार.

घडलं ते असं. अल्डिहाइडमध्ये कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेला असतो. अमाइनच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतात. तो ऑक्सिजन आणि ते दोन हायड्रोजन मिळून पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि मागे उरतो कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध. हा बंध असलेला रेणू म्हणजे शिफ बेस. मूळचे फ्रँकफर्टचे हुगो शिफ यांनी १८६४ मध्ये इटलीत पिसा इथे असताना या अभिक्रियेचं वर्णन केलं.

हा बंध आपल्या शरीरातही सतत बनत असतो. मधुमेहाच्या पेशंटला डॉक्टर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करायला सांगतात. त्या तपासणीत जे मोजलं जातं त्याची पहिली पायरी शिफ बेसच आहे: रक्तातल्या ग्लुकोजचा अल्डिहाइड गट हिमोग्लोबिनच्या अमाइन गटाला जाऊन चिकटतो आणि पुढे अंतर्गत फेररचना होऊन ते जोडकाम पक्कं होतं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पकडणारं रेटिनलही प्रथिनाला याच बंधाने बांधलेलं असतं.

सॅलेनमध्ये असे दोन नायट्रोजन आणि दोन फिनॉलिक ऑक्सिजन असतात, आणि चारही एकाच पोकळीकडे तोंड करून बसू शकतात. त्या पोकळीत धातू बसतो. धातूला असा धरून ठेवणारा रेणू म्हणजे लिगंड, आणि दोघे मिळून जे बनतं ते कॉम्प्लेक्स. गरम मिथेनॉलमध्ये कॉपर ॲसिटेट घातलं की पिवळा रंग जाऊन गडद हिरवट पूड पडते. दोन फिनॉलचे हायड्रोजन निघून जातात, म्हणजे लिगंडवर दोन ऋणभार येतात. तांब्यावर दोन धनभार असतातच. हिशेब चुकता झाला आणि कॉम्प्लेक्स उदासीन झालं. ही उदासीनता लक्षात ठेवा, डीएनएपाशी पोचल्यावर ती आडवी येणार आहे.

पूड आहे तरी काय?

रंग बदलला याचा अर्थ काहीतरी झालं, इतकाच. अपेक्षित तेच झालं हे सिद्ध करायला एकही यंत्र एकटं पुरत नाही. प्रत्येक यंत्राला एकेक छोटा प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांची उत्तरं एकाच रचनेत बसतात का ते पाहायचं, अशी ही पद्धत आहे.

सुरुवात वजनांच्या हिशेबाने. मूलद्रव्य विश्लेषणात पूड जाळून कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती टक्के ते काढतात. शुद्ध कॉपर सॅलेनमध्ये कार्बन ५८.२६ टक्के हवा. प्रत्यक्षात ५५.२ टक्के आला तर? नवशिका विद्यार्थी घाबरतो, पण हा आकडा बोलका आहे. कॉम्प्लेक्सच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू धरला तर हिशेबाने ५५.२४ टक्केच यायला हवा. अर्थात मनाला येईल तितकं पाणी किंवा इथेनॉल धरून कुठलाही आकडा जुळवता येतो, आणि तसं करणारे असतात. म्हणून पुढचा पुरावा लागतो. पूड हळूहळू तापवत तिचं वजन घटताना पाहायचं, म्हणजे टीजीए. एक पाणी खरंच असेल तर सुमारे ५.२ टक्के वजन कमी व्हायला हवं. ते १०० अंशांच्या आसपासच गेलं तर पाणी स्फटिकाच्या सांदीत नुसतं अडकलेलं होतं. बरंच वर, १५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात गेलं तर ते बहुधा धातूलाच बांधलेलं होतं. हा फरक किरकोळ नाही. धातूला बांधलेलं पाणी म्हणजे सपाट रेणूच्या पाठीवर उभी राहिलेली अडचण.

मग इन्फ्रारेड, म्हणजे आयआर. इथे बंधांची थरथर मोजली जाते. मोकळ्या सॅलेनमध्ये कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा ठसठशीत पट्टा साधारण १६३५ सेंटिमीटर इन्व्हर्सला दिसतो. नायट्रोजनने आपली इलेक्ट्रॉनची जोडी धातूला दिली की हा बंध थोडा सैल पडतो आणि पट्टा बहुतेक वेळा १० ते ३० एककांनी खाली सरकतो. फिनॉलचा ओएच पट्टा नाहीसा होतो, फिनॉलिक कार्बन-ऑक्सिजनचा पट्टा सरकतो, आणि ४०० ते ६०० च्या दरम्यान धातू-नायट्रोजन, धातू-ऑक्सिजन असे नवे बारके पट्टे डोकावतात. या शेवटच्या पट्ट्यांबद्दल एक सांगतो. त्या भागात लिगंडचीही बरीच गर्दी असते, त्यामुळे 'हा तांबे-नायट्रोजन, तो तांबे-ऑक्सिजन' असं बोट ठेवून सांगणारे तक्ते थोडे सबुरीनेच वाचावेत.

एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या तंत्रात, मोकळ्या सॅलेनची ओळख दोन खुणांवरून पटते. ८.३ पीपीएमच्या आसपास इमाइनच्या, म्हणजे त्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाच्या, कार्बनवरचा हायड्रोजन, आणि पार १३ पीपीएमच्या पलीकडे फिनॉलचा हायड्रोजन. तो इतक्या लांब का? शेजारच्या नायट्रोजनशी त्याचा हायड्रोजन बंध असतो म्हणून. जस्त किंवा सपाट निकेलचं कॉम्प्लेक्स केलं की १३ वरची खूण गायब होते, म्हणजे तो हायड्रोजन गेला आणि धातू आला. तांब्याच्या बाबतीत मात्र एनएमआरचा फारसा उपयोग नाही. तांब्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, तो छोट्या चुंबकासारखा वागतो आणि सगळ्या खुणा पसरट करून टाकतो.

पण जो एकटा इलेक्ट्रॉन एनएमआर बिघडवतो तोच दुसरीकडे कामाला येतो. ईपीआर, ज्याला आपल्याकडे सर्रास ईएसआर म्हणतात, तो तंतोतंत त्याच इलेक्ट्रॉनला ऐकतो. द्रावण द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्व्हिनला गोठवून मोजलं की तांब्याच्या केंद्रकामुळे चार रेषांची रचना दिसते, आणि त्यावरून तो इलेक्ट्रॉन रेणूच्या सपाट प्रतलात आहे का तेही कळतं. हे यंत्र प्रत्येक कॉलेजात कुठलं असायला! सॅम्पल छोट्या बाटल्यांत भरून पवईच्या आयआयटीतल्या 'सैफ' सारख्या सामायिक यंत्रसुविधेकडे पाठवायचं आणि रिपोर्टची वाट पाहायची.

चुंबकीय मोजमाप त्यामानाने जुनं आणि साधं. गूय बॅलन्समध्ये नळीत पूड भरायची, चुंबक चालू करायचा आणि वजनात पडणारा फरक पाहायचा. एक एकटा इलेक्ट्रॉन असेल तर सूत्राने १.७३ बोर मॅग्नेटॉन येतात, तांब्यासाठी प्रत्यक्षात थोडे जास्त. फारच कमी आले तर दोन तांबे जवळ बसून एकमेकांचं चुंबकत्व मारत असावेत असा संशय घ्यायचा. निकेलची गंमत याहून मोठी आहे. अष्टफलकी निकेलवर दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि आकडा २.८ ते ३.३ च्या दरम्यान येतो. चौरस-सपाट निकेलवर एकही नसतो, आकडा शून्य. निकेल सॅलेन ही नारिंगी-लाल पूड चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. नुसत्या तराजूवर रेणू सपाट आहे की फुगीर ते कळलं.

वाहकता मोजायला पाच मिनिटं पुरतात. डीएमएफ या द्रावकातल्या एक मिलिमोलर द्रावणाची मोलर वाहकता ६५ ते ९० च्या पट्ट्यात आली तर एक धन, एक ऋण असे आयन वेगळे झालेत. अगदी थोडी आली तर रेणू उदासीन आहे. मास स्पेक्ट्रममध्ये तांब्याची सही सहज ओळखू येते, कारण निसर्गात तांब्याचे दोन समस्थानिक साधारण ६९ आणि ३१ टक्के असतात. त्यामुळे शिखरं दोन अंकांच्या अंतराने जोडीने येतात, एक उंच आणि एक त्याच्या निम्म्याहून थोडं बुटकं.

आणि स्फटिक मिळाला तर? मग एक्स-रे विवर्तनाने प्रत्येक अणू कुठे बसलाय ते थेट दिसतं आणि बरेचसे वाद तिथेच मिटतात. पण चांगला एकच एक स्फटिक वाढवणं नशिबाचं आणि चिकाटीचं काम. शिवाय स्फटिकातली रचना द्रावणात तशीच राहते, असंही गृहीत धरायचं कारण नाही.

डीएनएची बाजू

डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. बाहेरच्या बाजूने फॉस्फेट, प्रत्येकावर ऋणभार. आतल्या बाजूला बेसच्या (इथे बेस म्हणजे शिफ बेस नव्हे, तर ग्वानिनसारखे डीएनएचे घटक) सपाट जोड्या एकावर एक, दोन जोड्यांमध्ये ३.४ अँगस्ट्रॉम अंतर. वळणामुळे बाहेरून दोन खोबणी दिसतात, एक रुंद आणि एक अरुंद.

अशा रेणूला काही चिकटायचं तर जागा मोजक्याच. धनभारित आयन बाहेरच्या फॉस्फेटशी नुसत्या विद्युत आकर्षणाने सलगी करतो. लांबट, किंचित वाकलेला रेणू खोबणीत जाऊन बसतो, अरुंद खोबण त्याला विशेष आवडते. सपाट, वलयांनी भरलेला रेणू दोन बेस-जोड्यांच्या मध्ये शिरतो. यालाच इंटरकॅलेशन म्हणतात, आणि ही कल्पना लेओनार्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये मांडली. चौथी जागा म्हणजे थेट रासायनिक बंध. कॅन्सरच्या उपचारात वापरलं जाणारं सिसप्लॅटिन हेच करतं. त्याचे दोन क्लोराइड निघून जातात आणि प्लॅटिनम ग्वानिनच्या नायट्रोजनला बांधला जातो, बहुतेक वेळा शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना. डीएनए तिथे वाकतो. बार्नेट रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्लॅटिनम इलेक्ट्रोडभोवती जिवाणूंची वाढ विचित्र होताना पाहिली, तिथून हे औषध निघालं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. धातूंच्या कॉम्प्लेक्सकडे औषध म्हणून पाहायची ही सगळी रीघ तिथूनच लागली. पुण्यात सुभाष पाध्ये यांनी थायोसेमिकार्बाझोन या शिफ बेसच्याच गंधकयुक्त भावंडांच्या धातू-कॉम्प्लेक्सवर दीर्घ काम केलं. जॉर्ज कॉफमन यांच्याबरोबरचा त्यांचा १९८५ चा आढावा या क्षेत्रात आजही संदर्भाला घेतला जातो.

आता आपल्या कॉपर सॅलेनकडे बघा. ते उदासीन आहे, म्हणजे ऋणभारित डीएनएला त्याची ओढ नाही. पाण्यात नीट विरघळत नाही. बराचसा सपाट आहे, पण दोन नायट्रोजनमधला इथिलीनचा पूल मुरडलेला असतो, त्यामुळे मध्ये शिरायला तो भाग नडतो. इथिलीनडायअमाइनऐवजी ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन घेतलं तर पुलाच्या जागी सपाट बेंझिन वलय येतं. त्याला सॅल्फेन म्हणतात. वर दोन बाजूंना धनभारित शेपट्या लावल्या की पाण्याचाही प्रश्न सुटतो आणि ओढही येते. हे सगळं डीएनएची बाटली न उघडता सांगता आलं.

क्युव्हेटमधला प्रयोग

बाटली उघडल्यावर दिसतो तो कापसासारखा पांढरा तंतुमय गोळा. वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए, लॅबच्या भाषेत सीटी-डीएनए. बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, टाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की हळूहळू विरघळतो. घाई करून जोरात हलवायचा नाही, लांब साखळ्या तुटतात. पीएच ७.२ च्या आसपासचं ट्रिस बफर, थोडं मीठ. मग २६० आणि २८० नॅनोमीटरला शोषण मोजायचं. दोन्हींचं गुणोत्तर १.८ ते १.९ आलं तर प्रथिनांची भेसळ फारशी नाही.

प्रमाण काढायला ६६०० हा शोषणांक वापरतात. २६० ला शोषण ०.६६ आलं तर डीएनए १०० मायक्रोमोलर. पण १०० मायक्रोमोलर कशाचं? न्यूक्लिओटाइडचं. बेस-जोड्यांत मोजायचं तर ५०. हे शोधनिबंधात लिहायचं राहून जातं आणि मग दोन प्रयोगशाळांचे बंधन-स्थिरांक शेजारी ठेवले की दुपटीचा फरक पडलेला असतो, रसायनात काहीही फरक नसताना.

मुख्य प्रयोग असा. क्युव्हेटमध्ये, म्हणजे प्रकाश आरपार जाणाऱ्या छोट्या चौकोनी नळीत, कॉम्प्लेक्सचं ठरावीक प्रमाण, समजा २० मायक्रोमोलर. त्यात डीएनए थोडाथोडा वाढवत जायचा, दर वेळी काही मिनिटं थांबून वर्णपट घ्यायचा. तेवढाच डीएनए संदर्भाच्या क्युव्हेटमध्येही टाकायचा म्हणजे त्याचं स्वतःचं शोषण वजा होतं. कॉम्प्लेक्स बेस-जोड्यांमध्ये शिरलं तर त्याच्या वलयांचे इलेक्ट्रॉन बेसच्या इलेक्ट्रॉनांशी गुंततात. परिणामी शोषण कमी होतं आणि शिखर लाल बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे सरकतं. प्रत्येक टप्प्यावर शोषण किती बदललं यावरून आलेख काढायचा. सरळ रेष मिळाली तर तिचा चढ भागिले अंतःखंड म्हणजे बंधन-स्थिरांक, केबी. तो हजारात आला तर बंधन ढिलं, लाखाच्या घरात आला तर बऱ्यापैकी. चांगल्या इंटरकॅलेटरचा आकडा दहा लाख किंवा त्याहूनही वर जातो.

आणि इथेच बहुतेक निबंध घसरतात. 'शोषण घटलं, शिखर तीन नॅनोमीटर सरकलं, म्हणून इंटरकॅलेशन' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात. खोबणीत बसलेला रेणूही शोषण घटवू शकतो. कॉम्प्लेक्स पाण्यात नीट न विरघळता बारीक कणांच्या रूपात बसत असेल, तरी वर्णपट खाली जातो. दोन-तीन नॅनोमीटर म्हणजे कित्येकदा यंत्राच्या मर्यादेपेक्षा जेमतेम जास्त. केबी किती चिकटलं ते सांगतो. कुठे चिकटलं ते त्याला ठाऊक नसतं.

दुसरा लाडका प्रयोग एथिडियम ब्रोमाइडचा. हा रंग पाण्यात मंद असतो, पण डीएनएच्या पोटात शिरला की सुमारे वीसपट उजळतो, ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल. आधी एथिडियम आत बसवायचं, मग आपलं कॉम्प्लेक्स घालत जायचं. उजेड विझत गेला की म्हणायचं, कॉम्प्लेक्सने एथिडियमला हाकललं. हातमोजे घातल्याशिवाय हे करू नये, जनुकांत बदल घडवणारा पदार्थ आहे. पण विझण्याची कारणं इतरही असतात. कॉम्प्लेक्स स्वतःच तो प्रकाश पिऊन टाकत असेल. तांब्याचा एकटा इलेक्ट्रॉन जवळ आला की हाकलल्याशिवायही उजेड मारू शकतो. किंवा कॉम्प्लेक्स खोबणीत बसून डीएनएचा आकार इतका बदलतं की एथिडियमला आत थारा उरत नाही. म्हणून हा प्रयोग पूरक पुरावा म्हणून ठीक, एकट्याने निकाल द्यायला नाही.

पाण्याच्या टबातला म्हातारा प्रयोग

मग निकाल देतं कोण? बरेचदा काचेची एक वाकडी नळी आणि स्टॉपवॉच.

पोळ्यांच्या चवडीत मधेमधे आणखी पोळ्या सारल्या तर चवड उंच होते. नुसती बाजूला टेकवून ठेवली तर होत नाही. डीएनएचं तसंच आहे. दोन जोड्यांमध्ये रेणू शिरला की त्या जोड्यांना ३.४ अँगस्ट्रॉमवरून जवळपास दुपटीने दूर सरकावं लागतं आणि साखळी लांबते. लांब, ताठ साखळ्यांचं द्रावण जास्त दाट, म्हणजे नळीतून हळू वाहतं. खोबणीत बसणाऱ्या रेणूने लांबी बदलत नाही, वेळही बदलत नाही. सिसप्लॅटिनसारखं काही वाकवणारं असेल तर साखळी आखूड झाल्यागत होते आणि द्रावण उलट जलद वाहतं.

करायचं एवढंच: उबेलोडे व्हिस्कोमीटर २५ अंशांच्या पाण्याच्या टबात उभा करायचा, तापमान दशांशानेही हलू द्यायचं नाही, आणि द्रावण वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते पुन्हा पुन्हा मोजायचं. नुसत्या बफरची वेळ वजा करायची. सापेक्ष दाटपणाचं घनमूळ काढून ते कॉम्प्लेक्स आणि डीएनएच्या गुणोत्तरासमोर मांडायचं. एथिडियम घातल्यावर रेषा चढत जाते. आपलं कॉम्प्लेक्स तिच्या शेजारून चढतं की आडवंच राहतं, ते डोळ्याला दिसतं. कंटाळवाणं काम आहे, दिवस जातो, पण वर्णपटासारखी दिशाभूल यात फारशी होत नाही.

याचं महत्त्व ज्या वादातून पटलं तो शिफ बेसचा नव्हता, पण सांगण्यासारखा आहे. रुथेनियम या धातूभोवती तीन फेनँथ्रोलिन लिगंड असलेला आयन डीएनएला चिकटतो, आणि त्याच्या आरशातल्या प्रतिमांपैकी एक डीएनएमध्ये शिरतो, असं १९८० च्या दशकात जॅकलिन बार्टन यांच्या गटाने वर्णपटांच्या आधारे मांडलं होतं. कल्पना आकर्षक होती आणि पाठोपाठ बरंच काम झालं. १९९२ मध्ये सत्यनारायण, डॅब्रोवियाक आणि चेअर्स यांनी दाटपणा मोजला आणि दोन्ही प्रतिमांपैकी एकही अभिजात अर्थाने आत शिरत नाही असं दाखवलं. बार्टन यांच्या गटाने त्याआधी १९९० मध्येच लांबट, सपाट डीपीपीझेड लिगंड असलेलं रुथेनियम कॉम्प्लेक्स मांडलं होतं. ते पाण्यात अंधारलेलं राहतं आणि डीएनए मिळाल्यावर उजळतं. ते मात्र खरंच आत शिरतं. फरक आकाराचा होता.

बाकीची तंत्रं थोडक्यात. डीएनए तापवला की दोन साखळ्या सुटतात. कॉम्प्लेक्समुळे ते तापमान बरंच वाढलं तर साखळ्या चांगल्या घट्ट धरल्या गेल्यात. सीडी, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या वर्णपटात डीएनएची २७५ च्या आसपासची धन आणि २४५ च्या आसपासची ऋण खूण किती हलते त्यावरून वळण बिघडलं का ते कळतं. जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा प्रश्न वेगळाच आहे: कॉम्प्लेक्स डीएनएला तोडतं का? विजेच्या दाबाखाली गुंडाळलेला प्लास्मिड (जिवाणूतला वर्तुळाकार डीएनए) जेलमधून सर्वांत पुढे पळतो, एक साखळी तुटून सैल झालेला सर्वांत मागे राहतो, दोन्ही तुटून सरळ झालेला मध्ये. तांबे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि पट्टे पुढून मागे सरकतात. हे रॅडिकलचंच काम आहे का ते तपासायला त्यांना टिपून घेणारं डीएमएसओ हे द्रावक घालतात. पण कॉम्प्लेक्स मुळातच डीएमएसओमध्ये विरघळवून आणलेलं असेल, तर त्या तपासणीला काय अर्थ उरला? असे निबंध छापून येतात.

आणि डॉकिंग. संगणकावर कॉम्प्लेक्सला डीएनएशी जुळवून पाहायचं, रंगीत चित्र छान येतं. बहुतेक जण डेटा बँकेतली १-बीएनए ही बारा जोड्यांची रचना घेतात. हा डीएनए बंद, निवांत अवस्थेतला आहे, दोन जोड्यांमध्ये शिरायला त्यात फटच नाही. त्यामुळे संगणक जवळपास कुठलाही रेणू अरुंद खोबणीत नेऊन बसवतो. मग त्याच निबंधात वर 'इंटरकॅलेशन' आणि खाली खोबणीतलं चित्र, आणि दोन्ही निष्कर्ष एकमेकांना दुजोरा देतात असं वाक्य!

वासराच्या डीएनएपलीकडे

क्युव्हेटमधला डीएनए उघडा असतो. पेशीतला हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि तिथे पोचेपर्यंत कॉम्प्लेक्सला ग्लुटाथायोनने भरलेला द्रव ओलांडावा लागतो. हा रेणू पेशीत मिलिमोलर प्रमाणात असतो आणि तांब्याला सहज क्षपण करून त्याची दोन धनभारांची अवस्था एकवर आणतो. शिवाय शिफ बेस ज्या अभिक्रियेने बनला ती पाण्यात उलटही फिरते. म्हणून कॉम्प्लेक्स बफरमध्ये २४ तास ठेवून त्याचा वर्णपट तसाच राहतो का, हे पाहणं ही पहिली पायरी असायला हवी. हा साधा प्रयोग वगळला, तर पुढचे सगळे आकडे कदाचित मूळ अल्डिहाइडचे आणि सुट्या तांब्याचे असतील.

दुहेरी साखळीत शिरणारे रेणू कुठल्याही डीएनएत शिरतात, निरोगी पेशीच्याही. म्हणून गेली काही वर्षं लक्ष दुसऱ्या आकाराकडे वळलंय. गुणसूत्रांच्या टोकाला टीटीएजीजीजी हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. त्यातले चार ग्वानिन एकत्र येऊन सपाट चौकोन करतात आणि असे चौकोन एकावर एक रचले जातात, मधून पोटॅशियमचे आयन. याला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. ही रचना पक्की झाली की टेलोमरेज या विकराला टोक लांबवता येत नाही, आणि बहुसंख्य कॅन्सर पेशी त्याच विकराच्या जोरावर विभागत राहतात.

त्या चौकोनावर बसायला काय हवं? सपाट, रुंद, धनभारित शेपट्यांचा रेणू, आणि त्याच्या पाठीवर पाण्याचा रेणू नको. लंडनमध्ये रॅमॉन व्हिलार आणि स्टीफन नीडल यांच्या गटांनी २००६ मध्ये नेमकं निकेल सॅल्फेन वापरलं, पिपरिडीनच्या दोन शेपट्या लावून, आणि त्याने क्वाड्रुप्लेक्स फार घट्ट धरला. २०१२ मध्ये अशा निकेल आणि तांब्याच्या सॅल्फेनच्या स्फटिकरचनाही प्रसिद्ध झाल्या. त्यांत रेणू चौकोनांच्या मध्ये शिरलेला नाही. तो शेवटच्या चौकोनावर टेकून बसलाय, आणि शेपट्या कडेच्या खोबणीच्या बाजूला गेल्यात.